अवे मॅचला गेलेला मतदार

१८ डिसेंबर २०२२ च्या रविवारी महाराष्ट्रातल्या साडेसात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी मतदान होतं, आणि त्याच रात्री साडेआठला कतारमध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना. कोकणातल्या फुटबॉलवेड्या घरांनी दोन्ही कामं एका दिवसात उरकली. दुपारपर्यंत शाळेच्या खोलीत जाऊन बोटाला शाई लावून घ्यायची आणि रात्री खळ्यात पडदा लावायचा. सामना ३-३ वर अडला, पेनल्टीवर ४-२ ने अर्जेंटिनाने नेला. त्या वेळी बोटीवर असलेल्या घरच्या माणसाला गोल किती झाले ते कळायला वेळ लागला नाही. गावचा सरपंच ठरवण्यात मात्र त्याचा वाटा शून्य होता, आणि तो आजही शून्यच आहे.

फुटबॉलच्या चाहत्याला ही गोष्ट जास्त खुपते, कारण या खेळाने बाहेरगावी गेलेल्या माणसाचा विचार फार पूर्वी केला. युरोपीय स्पर्धांमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी मैदानाच्या किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१६ पासून पाहुण्या चाहत्याच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. घरच्या मैदानापासून दूर आहे म्हणून तो चाहता कमी प्रतीचा ठरत नाही. उलट त्याच्यासाठी वेगळं गेट, वेगळा स्टँड, वेगळी बस असते. जहाजावरचा मतदार म्हणजे अवे मॅचला गेलेला आपलाच माणूस. त्याच्यासाठी स्टँड बांधा, एवढंच या लेखाचं म्हणणं.

आता कुणी म्हणेल, लोकशाही काय फुटबॉलकडून शिकायची? नाही, तसा दावा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ३३ विरुद्ध १ असा निकाल लागला. मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. स्टँडमध्ये घसा फोडणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. तेव्हा फुटबॉलची कारभारव्यवस्था आदर्श मानायचं कारण नाही. पण वेळापत्रक आणि बाहेरचा माणूस या दोन बाबतींत या खेळाला अनुभव आहे, आणि तिसरी एक बाब म्हणजे बरोबरी. १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत नेपल्समध्ये नाणं उडवून ठरवली गेली. त्याची लाज वाटून १९७० मध्ये पेनल्टी शूटआउट नियमांत आलं. आपल्याकडे समान मतं पडली की अजून चिठ्ठी काढतात. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात तेच झालं, आणि ग्रामपंचायतींत तर दर खेपेला कुठे ना कुठे होतंच. ज्या प्रभागात मतदारच दोन-तीनशे, तिथे पाच पोरं बोटीवर असताना चिठ्ठी काढणं म्हणजे अकरापैकी नऊच खेळाडू मैदानात उतरवून निकाल बरोबरीत लागला म्हणण्यासारखं आहे.

समजा, मंडणगडच्या एखाद्या वाडीत दोन भाऊ आहेत. थोरला नौदलात, धाकटा मर्चंट नेव्हीत. दोघांची नावं एकाच गावची, दोघेही वर्षातले बरेच महिने पाण्यावर. विधानसभा-लोकसभेला थोरल्याला मत देता येतं, धाकट्याला नाही.

थोरल्याची सोय कशी आहे ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण धाकट्यासाठी मागायचं ते त्यातूनच काढता येतं. सैन्यदलातला माणूस कायद्याने 'सर्व्हिस व्होटर' असतो. तो नमुना २ भरतो, त्याच्या नोंदी ठेवणारं कार्यालय ते तपासतं, आणि त्याचं नाव गावच्या यादीत न येता मतदारसंघाच्या यादीच्या शेवटच्या भागात येतं. अनेक घोटाळ्यांचं मूळ इथेच असतं. अठरा वर्षं पूर्ण होताच गावात नाव घातलेलं असतं, पुढे भरती होते, नमुना २ भरला जातो आणि गावचं नाव कुणी काढतच नाही. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे आणि खोटं निवेदन हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. बायको त्याच्याबरोबर नौदलाच्या वसाहतीत राहत असेल तर तिचंही नाव सर्व्हिस व्होटर म्हणून लागतं; ती गावीच राहत असेल तर तिने गावच्या यादीतच राहायचं.

निवडणूक लागली आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की निवडणूक अधिकारी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतो. युनिटमध्ये ती ओटीपी घेऊन उतरवायची, पिन टाकून उघडायची आणि छापायची. मतपत्रिकेबरोबर नमुना १३-ए हे प्रतिज्ञापत्र, १३-बी हे आतल्या लिफाफ्यावर चिकटवायचं लेबल आणि १३-सी हे बाहेरच्या लिफाफ्याचं. खूण केलेली मतपत्रिका एकटीच आतल्या लिफाफ्यात, तो बंद. प्रतिज्ञापत्रावर सही, त्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याचं साक्षांकन. मग बंद आतला लिफाफा आणि सुटं प्रतिज्ञापत्र, दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात. तिकीट लावावं लागत नाही. मतमोजणी सुरू होण्याच्या वेळेआधी, म्हणजे साधारण सकाळी आठपूर्वी, ते निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे.

मतं बाद होतात ती याच पायऱ्यांवर. प्रतिज्ञापत्र चुकून आतल्या लिफाफ्यात गेलं की मोजणीच्या टेबलावर बाहेरचा लिफाफा उघडल्यावर ते सापडत नाही, आणि मग आतला लिफाफा उघडलाच जात नाही. साक्षांकनाची सही राहून गेली तरी तेच. प्रतिज्ञापत्रावरचा क्रमांक आणि लिफाफ्यावरचा क्रमांक जुळला नाही तरी तेच. एकाच प्रिंटरवर चौघांची पानं एकदम छापली आणि गठ्ठे सरमिसळ झाले की हे घडतं. शाई संपत आलेल्या प्रिंटरवर क्यूआर कोड पुसट आला की स्कॅनर अडतो. जहाजावर आणखी एक गुंता असतो, तो वॉचचा. दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत वाटलेला, त्यात संध्याकाळच्या चार ते आठच्या दोन-दोन तासांच्या डॉग वॉच, म्हणजे रोज पाळी सरकते. साक्षांकन करणारा अधिकारी जागा असतो तेव्हा निम्मे लोक इंजिनरूममध्ये नाहीतर झोपेत. यावर उपाय सोपा आहे: सहीसाठी एक ठरावीक तास न ठेवता सलग दोन दिवस प्रत्येक वॉच सुटल्यावर अर्धा तास ठेवायचा, एका वेळी एकाचाच संच छापून हातात द्यायचा, आणि खूण करायला मेसमध्ये न बसवता एखादी बंद दाराची केबिन द्यायची. माणसं खांद्याला खांदा लावून राहतात तिथे गुप्त मतदान आपोआप होत नाही, ते घडवावं लागतं.

ही पद्धत ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलून आली. त्याआधी कोऱ्या मतपत्रिकाच टपालाने जायच्या आणि २०१४ च्या लोकसभेला सैनिकी मतदारांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची मतं परत आली. २०१९ ला हाच आकडा ६० टक्क्यांच्या आसपास गेला. सुधारणा म्हणतात ती ही. नेते, पक्ष, भाषणं काहीही न बदलता फक्त कागद जाण्याची वाट बदलली.

पण वाट अर्धीच बदलली आहे. मतपत्रिका जाते मिनिटात, परत येते टपालाने. समुद्रात असलेल्या जहाजावर पोस्टाची पेटी नसते. २०२४ च्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात अर्ज मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली, मतदान ७ मे रोजी झालं आणि मोजणी ४ जूनला. कागदाला परतायला ४३ दिवस मिळाले. त्याच वर्षी विधानसभेला मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० ला आणि मोजणी २३ ला. म्हणजे १९ दिवस. त्या १९ दिवसांत जहाज बंदराला लागलं तर लिफाफा निघणार, नाही लागलं तर थोरल्याचंही मत कागदावरच राहणार. लोकसभेला जी उसंत मिळाली ती सैनिकांसाठी ठेवलेली नव्हती, देशभरातल्या सात टप्प्यांमुळे आयती मिळाली. विधानसभेलाही अर्जमाघारी आणि मोजणी यांच्यात किमान ३० दिवस ठेवावेत. मतदानाची तारीख हलवायला नको, मोजणी लांबवली तरी चालेल. उमेदवारांना झोप लागणार नाही, पण तेवढं त्यांनी सोसावं.

आता धाकटा. त्याचं नाव गावच्या यादीत आहे आणि बोटीवर गेला एवढ्यावरून ते काढणं कायद्यात बसत नाही. तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं रहिवासीपण जात नाही असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलं आहे. पण मत द्यायचं तर केंद्रावर सदेह हजर व्हायला हवं. सहा ते नऊ महिन्यांचा करार असलेल्या खलाशाला ते कसं जमणार? मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी त्याच्या काय कामाची? परदेशस्थ भारतीय म्हणून नमुना ६-ए भरून नाव घातलं तरी मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागतं. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते मंजूर व्हायच्या आधीच लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं.

धाकट्याला टपाली मत द्यायला संसदेत नवा कायदा करण्याची गरज नाही, हा मुद्दा राजकीय पुढाऱ्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० मध्ये निवडणूक आयोगाला सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानाचा हक्क अधिसूचनेने देता येतो. ८५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना, ४० टक्के वा जास्त अपंगत्व असलेल्यांना, अत्यावश्यक सेवेतल्यांना तो याच वाटेने मिळाला. तेव्हा दर्यावर्दी हा एक वर्ग अधिसूचित करायचा आणि थोरल्याची इलेक्ट्रॉनिक मतपत्रिका धाकट्यालाही लावायची. 'हा खरंच बोटीवर आहे कशावरून?' या शंकेला उत्तर तयार आहे: प्रत्येकाकडे सीडीसी म्हणजे खलाशाचं अधिकृत ओळखपुस्तक आहे, इंडॉस हा नोंदणी क्रमांक आहे, आणि कोण कुठल्या जहाजावर कधी साइन ऑन, म्हणजे रुजू, झाला याची नोंद नौवहन महासंचालनालयाकडे असते. एवढा चोख पुरावा शहरात भाड्याने राहणाऱ्या कुठल्या मतदाराकडे असतो? साक्षांकनाला जहाजाचा मास्टर, म्हणजे कप्तान, आहेच. समुद्रातल्या जन्ममृत्यूची नोंद ज्याच्यावर सोपवतात त्याची सही एका प्रतिज्ञापत्राला का चालू नये.

कागद परत येण्याची अडचण धाकट्याला जास्त आहे, कारण त्याचं जहाज आज ब्राझीलला तर महिन्याने चीनला. इथे फिलिपिन्सकडे पाहावं. जगातल्या जहाजांवर फिलिपिनो खलाशी कुठे नाहीत? त्या देशाने २००३ मध्ये कायदा करून परदेशातल्या नागरिकांना मतदान दिलं. त्यांचा दर्यावर्दी जहाज जिथे लागेल तिथल्या वकिलातीत मत देऊ शकतो, आणि मुदत एका दिवसाची नसून महिनाभराची असते. २०२५ मध्ये त्यांनी परदेशस्थांसाठी १३ एप्रिल ते १२ मे ऑनलाइन मतदानही घेतलं. ऑनलाइनची घाई आपण करू नये असं मला वाटतं. ज्या देशात यंत्रावरच्या अविश्वासाचे खटले संपत नाहीत तिथे फोनवरचं मत म्हणजे नवं भांडण. पण बंद लिफाफा जवळच्या भारतीय वकिलातीत देण्याची आणि तिथून राजनैतिक टपालाने तो आणण्याची सोय आजच्या यंत्रणेत बसते.

याहून स्वस्त गोष्ट तर तालुक्यातच करता येईल. पुष्कळदा माणूस मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी साइन ऑन होतो. उमेदवार ठरलेले असतात, मतपत्रिका छापलेली असते, हा गावातच असतो, आणि तरी मत न देता विमानतळ गाठतो. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी मतदानाआधी तीन दिवस टपाली मतदान केंद्र चालवतात. तेच केंद्र दापोली, गुहागर, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत माघारीनंतर चौथ्या दिवसापासून उघडं ठेवा. सीडीसी आणि कंपनीचं जॉइनिंगचं पत्र दाखवावं, मत टाकून जावं. एक कारकून, एक पोलीस, एक पेटी.

प्रतिनिधीमार्फत मतदानाला मात्र कायदा बदलावा लागेल, कारण आज ते सैन्यदलांपुरतंच आहे. सैनिक नमुना १३-एफ भरून त्याच मतदारसंघातल्या कुणाला तरी प्रतिनिधी नेमतो. तो प्रतिनिधी स्वतःचं मत देतोच आणि सैनिकाचंही देतो, म्हणून त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. जहाज महिनोन्महिने बंदराला लागणार नसेल तर लिफाफ्यापेक्षा हाच मार्ग भरवशाचा. आक्षेप घेतात तो असा की घरातला कर्ता दोन मतं खिशात घालेल. आक्षेप खोटा नाही, पण कोकणात बोटीवरच्यांच्या घरी कर्ता कोण असतो ते एकदा पाहावं. बँक, शेती, कोर्टातली वाटणीची तारीख, पोरांच्या शाळा, सगळं बायको नाहीतर आई बघते. दुसरं मत गेलंच तर तिच्या हातात जाईल, आणि त्यात मला फारसा धोका दिसत नाही.

घराचा विषय निघाला म्हणून वेळापत्रकाचं गाऱ्हाणंही इथेच. गोव्यात मडगावजवळच्या फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा सामना साडेसातला सुरू होतो, तो टीव्हीच्या सोयीने. साडेनऊला बाहेर पडून मडगावहून पणजी, पत्रादेवी करत सावंतवाडीपर्यंतचे नव्वदेक किलोमीटर कापायचे, तर लहान पोर घेऊन कोण येईल? पाचचा सामना असला की बायका-पोरं येतात, साडेसातला पुरुषांचे घोळके. प्रेक्षक तेच, वेळ बदलली की गर्दीचा चेहरा बदलतो. निवडणुकीचंही असंच. ७ मे म्हणजे आंबा उतरवण्याची घाई, मासेमारी बंदीच्या आधीचे शेवटचे आठवडे, आणि गाव चाकरमान्यांनी भरलेलं. पण त्यांची मतं गोरेगाव-डोंबिवलीत. २० नोव्हेंबर म्हणजे पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीचा ऐन हंगाम, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले तांडेल-खलाशी पाण्यात. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा मात्र पाऊस. सगळ्यांना जमेल अशी तारीख कोकणात नाहीच. म्हणून तारीख शोधत बसण्यापेक्षा ती लवकर सांगा. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान ३६ दिवसांवर. मुदत २६ नोव्हेंबरला संपणार हे पाच वर्षं आधी ठाऊक होतं. फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय वेळापत्रक कित्येक वर्षं आधी ठरतं, आणि जहाज कंपन्या करार काही महिने आधी आखतात. निदान पंधरवडा वर्षभर आधी सांगितला तर माणूस सुट्टी तशी मागेल.

चाकरमान्यांसाठी आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची. जानेवारीतल्या सादरीकरणाला पक्षांनी विरोध केला आणि ते तिथेच थांबलं. तो वाद मोठा आहे. दर्यावर्द्यांचा प्रश्न त्याला बांधून ठेवायचं कारण नाही, कारण इथे नवं यंत्र लागतच नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: ही मतं असून असून किती? २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये निकाल ४८ मतांनी लागला. बाद टपाली मतांची संख्या विजयाच्या फरकाहून जास्त असेल तर ती सगळी पुन्हा तपासावीच लागतात असा आयोगाचा दंडक आहे, म्हणजे मूठभर लिफाफ्यांनी काय होऊ शकतं ते आयोगाला पक्कं ठाऊक आहे.

तोवर घरच्यांनी करायची गोष्ट एकच. यादी तपासायला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, दारात आला आणि 'हे कुठे असतात?' म्हणाला, की 'परदेशात' एवढंच सांगून मोकळं होऊ नये. तेवढ्यावर 'स्थलांतरित' असा शेरा पडू शकतो आणि नाव उडू शकतं. बोटीवर करारावर आहेत, अमुक महिन्यात येणार, असं सांगावं, सीडीसीची झेरॉक्स दाखवावी, आणि प्रारूप यादी लागली की नाव आहे का ते बघून घ्यावं. नाव नसेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत अर्ज द्यावा. ती मुदत साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावरून उतरण्याच्या, तारखेसाठी थांबत नाही.